विलायतेतल्या कुरोड्या

तीर्थरूप आई अन् बाबा,

तुम्हा दोघांले सुप्रियाचा वाकून जय भीम. इकडं आम्ही चौघंही खुशाल आहो. पत्रात पहिल्यांदा असंच लिहा लागते म्हणून लिहिलं, खरं काय ते खाली येईलच. आई, तुमचे गुडघे कसे आहेत? बोरगावहून आणलेलं तेल लावून राहिल्या, का बाटली तशीच खिडकीत उभी आहे? बाबांची शुगर? सौंसरले आता ऊन असं तापलं असंल का दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडाचा तं दोनदा विचार करंल. इकडंही एप्रिल आहे, असं हे लोक म्हणतात. मी दोन स्वेटर घालून लिहून राहिली.

पत्र बाबा वाचतील हे मले माहीत आहे. आई, तुमचा चष्मा तुम्हाले कधी सापडत नाही, अन् सापडला तं तुम्ही तो बाबांच्याच नाकावर ठेवता. अन् बाबा वाचतात तं तहसीलीत पुकारा केल्यासारखं वाचतात (बाबा, राग मानू नका, पस्तीस वर्षं तुम्ही पुकाराच केला). म्हणजे बाजूच्या ओट्यावर उषाकाकू सुपात काहीतरी घेऊन बसंल अन् निवडंल काहीच नाही, नुसतं ऐकंल. म्हणून बाबा, जे जे कंसात लिहिलं ते मनातल्या मनात वाचा. बाकीचं मोठ्यानं वाचलं तं चालते.

आता फोन असताना पत्र काऊन, असं तुम्हाले वाटंल. तं आई, फोनवर तुम्ही माह्याशी बोलत नाही. ऑक्टोबरपासून नाही. मी 'आई' म्हणते, तुम्ही म्हणता 'पोट्ट्यांले दे', अन् मी पोट्ट्यांले देते. कारण मले माहीत आहे. निघाच्या आदल्या दिवशी नळावर मी उषाकाकूले बोलली का चला, आता तिकडं उठता-बसता टोकणारं तं कोणी नाही. मी हसत बोलली होती. पण नळापासून आपल्या दारापर्यंत येईतोवर त्यातलं हसणं सगळं रस्त्यात सांडलं अन् बाकीचं तेवढं तुमच्यापर्यंत पोहोचलं. (बाबा, हे मनातच वाचा. उषाकाकूले काही म्हणू नका, हंडा तिनंच उचलून देला होता.) मी माफी मागाले तीनदा फोन केला. तीनही बारीले तुम्ही पोट्ट्यांले मागितलं. मंग म्हटलं लिहूनच टाकावं, कागद काही मधात 'पोट्ट्यांले दे' म्हणत नाही.

तं झालं असं. इथं शाळेले ह्या दिवसांत दोन आठवड्यांची छुट्टी भेटते, ईस्टर म्हणतात. छुट्टी लागाच्या आधी शाळेतून कागद आला. तृप्तीनं वाचून सांगितलं का छुट्टीत घरच्या लोकांनी मिळून काहीतरी मजेचं करा, अन् शाळा उघडल्यावर ते वर्गात सांगा. तिच्या वर्गातली एक पोट्टी मेंढीचे पिल्लं पाहाले जाणार, एकीच्या घरी आंगणात चॉकलेटाचे अंडे लपवणार, अन् एकीची माय तं सगळ्यांले घेऊन स्पेनले चालली, आपण पांढुर्ण्याले जातो तशी. अन् आमच्या घरी काय, तं तुमचे लेक रोज बारा-बारा तास दवाखान्यात ड्युटीवर. छुट्टीत बाकीच्या नर्सा लेकराबाळांसाठी रजा घेतात, म्हणून त्यांच्या पाळ्या ह्यांनी घेतल्या. 'नवीन माणसानं नाही म्हणू नये,' म्हणतात. नवीन माणूस तं मीही आहे, पण माही पाळी कोणी घेत नाही. एक सहा वर्षांची, एक तीन वर्षांचा, बाहेर पाणी, अन् मधात मी.

आई, तुम्हाले सांगाले लाज वाटते, पण मले इथं लय भेव लागते. दाराची घंटी वाजली का भेव. खिडकीवाला सरकारी लिफाफा आला का भेव. समुद्रावरचे मोठे पांढरे पक्षी घरावर बसतात, कोंबड्यापेक्षा मोठे, ते हर्षलच्या हातची पोळी नेतात अन् वरून आपल्यालेच रागानं पाहतात, त्यांचं भेव. अन् सगळ्यात मोठं भेव म्हणजे ह्यांच्या वॉर्डातल्या एकाची बायको सांगत होती का इथं लेकरू जास्त रडलं तं सरकारी माणसं येतात, अन् लेकरू घेऊन जातात. खरं-खोटं मले माहीत नाही. पण तवापासून हर्षल रडाले लागला का मी पहिले खिडक्या लावते, मंग त्याले उचलते. सौंसरले तुम्ही तृप्तीवर ओरडल्या तं आवाज बस स्टँडपर्यंत जाये, अन् कोणी आलं तं एवढंच विचाराले येये का आज काय केलं पोट्टीनं. इथं मी कानात बोलल्यासारखं रागवते. पोट्टे हसतात. तसं रागवून काही फायदा नाही.

छुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन निघालं. घंटाभरच निघालं, पण फरशीवर असा पिवळा पट्टा पडला, अन् माह्या मनात एकदम आलं का आता सौंसरले घरोघरी स्लॅबवर धोतरं-लुगडी पसरली असतील अन् कुरोड्या वाळून राहिल्या असतील. तुम्ही पहाटे चुलीवर मोठा गंज चढवून चीक घोटत असाल, पदर खोचलेला, घाम नाकावरून टपकून राहिला, अन् सगळ्या बायांवर तुमचा हुकूम. आई, सात वर्षं मी तुमच्या घरी उन्हाळा काढला, पण तुम्ही मले गंजाजवळ उभं राहू देलं नाही. 'तू पाणी आण. तू कावळे हाकल.' सात वर्षं मी कावळेच हाकलले. तवा मले राग येये. मंग तुम्ही गरम चीक वाटीत काढून, त्यावर साखर टाकून पोट्ट्यांले देत होत्या, अन् शेवटची वाटी न बोलता माह्यासमोर सरकवून देत होत्या. ते मले त्या पिवळ्या पट्ट्यात दिसलं. मी तृप्तीले म्हटलं, 'चाल, आपण कुरोड्या करू. हेच सांग वर्गात.' अन् गहू भिजू घातले.

गहू तीन दिवस भिजवा लागते, पाणी रोज बदला लागते, एवढं मले माहीत होतं. पण पाणी बदलाले मी एक दिवस विसरली (हर्षलले ताप होता). अन् वास किती येते हे मी विसरलीच होती. सौंसरले तो वास सगळ्याच घरून येते, म्हणून कोणाच्याच घरून येत नाही. इथं तो एकट्या आपल्या घरून आला. मी बादली झाकण लावून मागच्या आंगणात ठेवली. आमच्या बाजूले एक गोरी म्हातारी राहते, एकटीच, कुंपणावरून रोज पाहते. चांगली आहे. तिले मी काहीही दाखवलं का ती म्हणते 'लव्हली'. लव्हली म्हणजे लय छान. इथं सगळेच म्हणतात. पाणी पडलं, लव्हली. भाजी जळाली, लव्हली. त्या दिवशीही ती नाक रुमालानं दाबून कुंपणापाशी उभी राहिली अन् म्हणाली, 'लव्हली डे.' अन् घरात जाऊन तिनं गॅसवाल्यांले फोन लावला का बाजूच्या घरात गॅस गळून राहिला.

मले हे काहीच माहीत नाही. मी आत होती. हर्षल बादलीतलं खाऊ देत नाही म्हणून जमिनीवर लोळून रडून राहिला होता, अन् मी त्याले एक चापट मारली होती. (हळूच मारली होती. बाबा, हेही मनातच.) तेवढ्यात घंटी वाजली. काचेतून पाहिलं तं दोन उंच माणसं, अंगात चमकते जॅकेट, गळ्यात पट्टा, हातात कायचंतरी यंत्र. आई, म्हटलं आले. न्याले आले. मी दोन्ही पोट्ट्यांले पलंगाखाली घातलं, तोंडावर बोट ठेवलं, अन् दाराले चिठ्ठ्या टाकाची फट असते तिच्यातून ओरडली, 'नो चिल्ड्रन! चिल्ड्रन इंडिया!' मंग एक माणूस खाली वाकून फटीतून काहीतरी बोलला. मी पुन्हा म्हटलं, 'ऑल चिल्ड्रन इंडिया!' अन् पाहते तं तो माणूस माह्याकडं पाहतच नव्हता, खिडकीकडं पाहून हात हलवून राहिला होता. खिडकीत दोन्ही पोट्टे उभे. हर्षलच्या नाकाले शेंबूड, अन् तो त्याले टाटा करून राहिला.

दार उघडा लागलं. तृप्तीच मधात पडली. तिले इथली भाषा अशी येते का मलेच कधी कधी ती पाव्हणी वाटते. ती म्हणे, 'आई, ते म्हणतात घरात गॅस आहे.' मी म्हटलं, 'त्यांले सांग, आहे ना, स्वयंपाक कायवर करतो?' तिनं काय सांगितलं देव जाणे (आपण देव मानत नाही, पण त्या वेळी तोंडात तेच आलं). माणसं यंत्र घेऊन घरभर फिरली, यंत्र काही बोललं नाही, मंग ते नाकानं वास घेत घेत मागच्या आंगणात गेले. एकानं बादलीचं झाकण उचललं. आई, एवढा उंच माणूस, पण दोन पावलं मागं गेला अन् कुंपणाले टेकला. तृप्ती त्याले समजावून सांगाले लागली. नंतर मी तिले विचारलं काय सांगितलं, तं म्हणे, 'मी सांगितलं का हे गहू आहे, चार दिवसांपासून सडवून ठेवलं, माह्या आजीसाठी.' त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं. त्यानं झाकण लावलं, घाम पुसला, अन् म्हणाला, 'लव्हली.'

ते गेले. मी दार लावून तिथंच खाली बसली, अन् पहिले हसली अन् मंग रडली. हर्षल माह्या मांडीत येऊन बसला. मी त्याले इतकं घट्ट धरलं का तो म्हणे, 'आई, दुखते.' त्याच वेळी मी तुम्हाले फोन लावला होता. तुम्हाले आठवते का? शुक्रवार होता. मले एवढंच विचाराचं होतं का चीकाले पाणी किती घालाचं. एकाले एक, का एकाले दीड? तुम्ही उचलला अन् म्हणाल्या, 'पोट्ट्यांले दे.' मी देला. तृप्तीनं तुम्हाले शाळेचं सांगितलं, पक्षी सांगितले. गॅसवाल्याचं मी डोळ्यानंच तिले सांगू नको म्हटलं. अन् पाण्याचं विचाराचं राहूनच गेलं.

मंग मी माह्या मनानं एकाले दोन घातलं. आता हसू नका. गहू मिक्सरमधून काढले, फडक्यातून गाळले, रात्रभर ठेवून वरचं पाणी काढून टाकलं, सगळं बरोबर केलं. पण गंजात चीक घट्टच होईना, अन् झाला तवा एकदम झाला, गोळेच गोळे. घोटाले चाटू नव्हता, म्हणून हर्षलची क्रिकेटची प्लास्टिकची बॅट धुऊन घेतली. साचाही नव्हता. तापाच्या औषधाच्या बाटलीसोबत एक लहान पिचकारी येते, लेकरांच्या तोंडात औषध टाकाची. त्या पिचकारीनं मी कुरोड्या टाकल्या. एका कुरोडीले अकरा पिचकाऱ्या. सहा कुरोड्यांनंतर पिचकारी फुटली. मंग पिशवीचा कोपरा कापून टाकल्या, त्या कुरोड्या नाही, गांडुळं दिसून राहिले होते.

वाळवाले जागा पाहिली तं आंगणात पहिल्या भाडेकरूची उड्या माराची गोल जाळी पडली आहे. मले वाटलं, वा, खालून हवा, वरून ऊन, ह्याच्यापरीस बाज काय चांगली? वर चादर टाकली, कुरोड्या मांडल्या, पोट्ट्यांले कावळे हाकलाले बसवलं. कावळे नाहीच आले. ते पांढरे पक्षी आले. अन् त्यांले हाकलाले हर्षल जाळीवर चढला. जाळीवर चढलं का उडी मारावीच लागते, तीन वर्षांच्या माणसाचा त्यात काही गुन्हा नाही. पहिल्या उडीत कुरोड्या वर गेल्या, पक्ष्यांनी त्या वरच्या वर झेलल्या. म्हातारी कुंपणावरून पाहत होती. ती काय म्हणाली ते मी लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असंल. मंग गारा पडल्या.

उरलेल्या मी घरात आणून खोलीतल्या हीटरवर चादर टाकून ठेवल्या. सहा दिवस. मधात चौदा एप्रिल आला. ह्यांची ड्युटी होतीच. मी बाबासाहेबांचा फोटो हीटरच्या वरच्या फळीवर मांडला, मेणबत्ती लावली, पोट्ट्यांले नवीन कपडे घातले, तिघांनी मिळून वंदना म्हटली, खीर केली. खाली कुरोड्या, वर फोटो, अन् बाहेर धुकं. तृप्ती म्हणे, 'आई, आवाज काऊन नाही?' तिले ढोल पाह्यजे होते. दुपारी मुकुंदभाऊजींनी मिरवणुकीतून व्हिडिओ कॉल लावला. गर्दी, निळे झेंडे, कोणाचा तरी खांदा, कोणाचा तरी कान, अन् मधातच एक पलभर तुमची पाठ दिसली, पांढरं लुगडं, तुम्ही कोणाले तरी रांगेत सरक म्हणून हात करून राहिल्या होत्या. मी 'आई' म्हणून ओरडली. खिडक्या उघड्या होत्या तरी ओरडली. पण तिकडं ढोल वाजत होते.

काल तळल्या. चौदा उरल्या होत्या. तेलात टाकल्या तं फुलल्या नाहीत, नुसत्या लाल झाल्या. खारट, कडक, अन् मधात कच्च्या. मले चव घेतल्याबरोबर समजलं का खराब झाल्या. तुमचे लेक ड्युटीवरून आले, दोन खाल्ल्या, म्हणाले 'चांगल्या आहेत.' म्हातारीले एक नेऊन देली, ती म्हणाली ते तुम्हाले माहीत आहे. अन् तृप्तीनं एक तोडली, लय वेळ चावली, तिच्या डोळ्यात पाणी आलं, तरी माह्याकडं पाहून हसली अन् म्हणाली, 'लव्हली.'

आई, गॅसवाले आले तवा नाही लागलं तेवढं भेव मले त्या वेळी लागलं. माही सहा वर्षांची पोट्टी माह्या तोंडावर गोड खोटं बोलली, अन् ते इतकं सफाईनं बोलली. सौंसरले असती तं थू थू करून मोरीत गेली असती. इथं खराबले कोणी खराब म्हणत नाही. मी सहा महिन्यांत इथं एकही गोष्ट चुकली नाही, कारण चुकली असं सांगणारं कोणी नाही. मले वाटे टोकणारं नसलं का माणूस सुखी राहते. नाही राहत. नुसतं सगळं मऊ मऊ लागते, अन् पाय कुठं टेकत नाही. नळावर बोलली ते मी चुकीचं बोलली. (बाबा, हे कंसात नाही. हे मोठ्यानं वाचा. उषाकाकू ऐकत असंल तं आणखीन मोठ्यानं वाचा.)

तुम्ही इकडं या, असं मी म्हणत नाही. इतक्या दूर, इतकी ठंडी, विमानात सोळा तास, तुमचे गुडघे. आमचं चालून राहिलं. काळजी करू नका. ह्यांचा तुम्हा दोघांले जय भीम, पोट्ट्यांच्या पाप्या.

तुमची सून,
सुप्रिया

ता. क. (बाबा, आता बिलकुल मनात वाचा, अन् वाचताना खोकला. आईच्या पासपोर्टचा फॉर्म ह्यांनी इथून भरला. तारीख भेटली. तुम्ही आईले म्हणा का डोळे तपासाले जायचं आहे. तिथं एक बाई समोर बसवून फोटो काढंल, तं म्हणा का हा डोळ्याचाच आहे. बोटांचे ठसे घेतील, तं म्हणा का आजकाल डोळे असेच तपासतात. आई विश्वास ठेवणार नाही, पण भांडण संपेतोवर काम झालं असंल.)

दुसरी ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते वापस काढून लिहून राहिली. आता फोन आला होता. तुमचा. ह्यांनी काल कुरोड्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, मले न सांगता. आई, मी 'हॅलो' म्हणाच्या आधीच तुम्ही सुरू झाल्या, का ह्या कुरोड्या आहेत का दोऱ्या, पाणी कोणत्या अकलेनं घातलं, मीठ काय फावड्यानं टाकलं, अन् हिंग कुठं आहे. फोटोत तुम्हाले मीठ कसं दिसलं हे मले अजूनही समजलं नाही. पोट्टे बाजूलेच होते, तुम्ही त्यांले मागितलं नाही. तुम्ही बावीस मिनिटं रागवल्या. मधात तुम्ही थांबल्यासारख्या वाटल्या तं मी मुद्दाम म्हटलं का गहू मी गरम पाण्यात भिजवले होते, म्हणजे तुम्ही आणखीन दहा मिनिटं रागवल्या. (गरम पाण्यात नव्हते भिजवले.) येता का नाही, हे मी विचारलं नाही, तुम्हीही बोलल्या नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाल्या, 'तिकडं गहू कोणता भेटते?' मी म्हटलं, 'माहीत नाही, आई.' तुम्ही म्हणाल्या, 'मंग पाहून ठेव ना.'